नऊ धातू, एक सही

1992 सालच्या जून महिन्यात न्यूयॉर्क शहराने मैल्याचा गाळ समुद्रात टाकणं थांबवलं. तोवर हा गाळ बार्जमध्ये भरून बंदराबाहेर न्यायचे आणि किनाऱ्यापासून 106 सागरी मैलांवर अटलांटिकमध्ये सोडून द्यायचे. त्याआधी कित्येक दशकं तर जेमतेम 12 मैलांवरच तो ओतला जात होता. अमेरिकी काँग्रेसने 1988 साली कायदा करून 1991 च्या अखेरपर्यंतची मुदत दिली होती. बाकीची शहरं आधीच थांबली, न्यूयॉर्क सगळ्यात शेवटी.

समुद्र बंद झाला म्हणून लोकांनी संडासात पाणी ओतणं काही थांबवलं नाही. गाळ रोज तयार होतच होता. त्यातला काही मालगाडीच्या डब्यांत भरून देशाच्या दुसऱ्या टोकाला निघाला, टेक्सासमध्ये सिएरा ब्लांका नावाच्या छोट्याशा गावाजवळच्या रखरखीत कुरणांवर पसरायला. शहर एका किनाऱ्यावर आणि त्याची घाण हजारो किलोमीटर दूर दुसऱ्याच कुणाच्या तरी गावात. मग प्रश्न साहजिकच उठतात. हा गाळ तिथे टाकायची परवानगी कुणी द्यायची? काय पाहून द्यायची? आणि उद्या काही बिघडलं तर जबाबदार कोण? या प्रश्नांची उत्तरं अमेरिकेने नेमकी त्याच काळात लिहून काढली.

आधी गाळ म्हणजे काय ते पाहू. गटारातून मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात येतं. पहिल्या टाक्यांत जड भाग तळाशी बसतो. पुढच्या टाक्यांत हवा सोडून जिवाणू वाढवतात, ते पाण्यातली विरघळलेली घाण खातात आणि त्यांचाच साका होऊन खाली बसतो. ही दुसरी पद्धत आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी 1914 साली मँचेस्टरमध्ये मांडली, आणि आज जगभरातली हजारो केंद्रं तिच्यावरच चालतात. नदीत सोडलेलं पाणी जितकं स्वच्छ, तितका मागे उरलेला गाळ जास्त. घाण नाहीशी होत नाही, ती पाण्यातून निघून गाळात येते. अमेरिकेने 1972 साली स्वच्छ पाण्याचा कायदा केला, नद्यांसाठी प्रचंड पैसा ओतला, नद्या खरोखर सुधारल्या, आणि गाळाचे ढीग वाढत गेले.

या गाळात नत्र असतं, स्फुरद असतं, जमिनीला हवा असलेला सेंद्रिय कर्ब असतो. आपल्याकडे शेताला सोनखत घालायची रीत होती, ती उगाच नव्हती. मिलवॉकी शहराने तर 1926 पासून आपला गाळ वाळवून, पोत्यांत भरून, ‘मिलऑर्गनाइट’ नावाने बागांसाठी विकायला सुरुवात केली आणि ते खत आजही बाजारात आहे. पण सोनखताचा खड्डा घराचा असतो, शहराचं गटार सगळ्यांचं. त्यात घरातल्या संडासाबरोबर दवाखान्याचं, गॅरेजचं, छापखान्याचं आणि धातूला मुलामा चढवणाऱ्या कारखान्याचंही पाणी येतं. म्हणून गाळात नत्राच्या जोडीला जंतांची अंडी, विषाणू, कॅडमियम, शिसं आणि पारा हेही असतात. जंतू उष्णतेने किंवा चुन्याने मरतात. धातूंना मरण नाही. ते जमिनीत पडले की राहतातच.

स्वच्छ पाण्याच्या कायद्यात गाळासाठी कलम 405 होतं, पण बराच काळ ते कागदावरच होतं. 1987 साली काँग्रेसने ते कलम कडक केलं. गाळातल्या विषारी पदार्थांच्या मर्यादा ठरवा आणि त्या परवान्यांत घाला, असं पर्यावरण संरक्षण संस्थेला, म्हणजे ईपीएला, बजावलं. 1989 च्या मे महिन्यात परवान्याची चौकट आली: केंद्र सरकार परवाना कसा देईल, आणि एखाद्या राज्याला हे काम स्वतःकडे घ्यायचं असेल तर त्या राज्याच्या कायद्यात काय काय असलं पाहिजे. तपासणीचा हक्क हवा, दंडाची तरतूद हवी, लोकांना म्हणणं मांडायची संधी हवी. इतकं झाल्यावर 19 फेब्रुवारी 1993 रोजी मुख्य नियम छापला गेला. संघीय नियमसंहितेतला तो भाग 503. गाळाच्या धंद्यातली माणसं आजही त्याला नुसतं ‘पाचशे तीन’ म्हणतात.

या नियमात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. साधारणपणे परवाना नसेल तर नियमही लागू नाही, अशी पळवाट असते. ‘आमचा अर्ज प्रलंबित आहे’ या एका वाक्यावर वर्षानुवर्षं निघतात. ईपीएला ठाऊक होतं की हजारो केंद्रांना परवाने द्यायला वर्षं लागतील. म्हणून भाग 503 असा लिहिला की परवाना हातात असो वा नसो, नियम सगळ्यांना थेट लागू. गाळ तयार करणारा, त्यावर प्रक्रिया करणारा, तो शेतात टाकणारा आणि जाळणारा, प्रत्येकजण आपापल्या परीने बांधलेला. परवान्याचे अर्ज मात्र टप्प्याटप्प्याने मागवले. ज्यांना आपल्या जागेपुरती वेगळी मर्यादा हवी होती, त्यांनी नियम छापल्यापासून 180 दिवसांत अर्ज करायचा. ज्यांच्याकडे नदीत पाणी सोडण्याचा परवाना आधीच होता, त्यांनी त्याच्या नूतनीकरणाच्या वेळी गाळाची माहिती जोडायची. हा परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. काम स्वतःकडे घेणारी राज्यं मोजकीच निघाली. टेक्सास, विस्कॉन्सिन, युटा, ओहायो ही त्यातली काही. बाकीच्या देशात आजही ईपीएच बघते.

गाळाला नियमाने तीन वाटा दिल्या: जमिनीत खत म्हणून घालणं, ठरावीक जागेवर नुसतं साठवून ठेवणं, आणि खास भट्टीत जाळणं. घरगुती कचऱ्याच्या भरावभूमीत टाकला तर दुसरा नियम. भट्टीसाठी धुराच्या मर्यादा, साठवणीसाठी अंतरं आणि कुंपणं. खरा विचार झाला तो पहिल्या वाटेवर, कारण तिच्या शेवटी कुणाचं तरी ताट आहे.

1988 साली ईपीएने देशभरातल्या सुमारे 180 केंद्रांचा गाळ तपासला आणि चारशेहून जास्त पदार्थ शोधले. मग एकेका पदार्थाने माणसापर्यंत, जनावरापर्यंत किंवा पिकापर्यंत कुठून कुठून पोहोचता येईल, अशा 14 वाटा आखल्या. गाळातून मातीत, मातीतून भाजीत, भाजीतून माणसात. गाळातून गवतात, गवतातून गायीत, गायीतून दुधात. गाळातून भूजलात. त्यातली तिसरी वाट वाचताना मी थांबलो. त्या वाटेवर एक लहान मूल आहे. एक ते सहा वर्षांच्या वयातलं, अंगणात खेळणारं, हात तोंडात घालणारं. हे मूल रोज 0.2 ग्रॅम गाळ, मातीत मिसळलेला नव्हे तर निव्वळ गाळ, पाच वर्षं खात राहील असं गृहीत धरलं, आणि त्या मुलाला अपाय होणार नाही इतकीच मर्यादा ठरवली. आर्सेनिक, कॅडमियम, शिसं, पारा आणि सेलेनियम या पाचांच्या मर्यादा त्या मुलानेच ठरवल्या आहेत. तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मर्यादा पिकांनी ठरवल्या, कारण ते जास्त झाले की आधी रोपच खुरटतं. मॉलिब्डेनमची मर्यादा चारा खाणाऱ्या जनावरांनी ठरवली.

असे नऊ धातू. चांगल्या दर्जाच्या गाळासाठी दर किलो कोरड्या गाळामागे कॅडमियम 39 मिलिग्रॅमपर्यंत, शिसं 300, पारा 17, आर्सेनिक 41. याखेरीज एक वरची कमाल मर्यादाही आहे: कॅडमियम 85, शिसं 840, पारा 57. ती ओलांडली की तो गाळ कुठल्याच जमिनीवर जायचा नाही. दोन्हींच्या मध्ये असेल तर शेतागणिक हिशेब ठेवायचा, त्या हेक्टरात आजवर एकूण किती धातू पडला याचा. तिथे कॅडमियमची मर्यादा हेक्टरी 39 किलो आहे. आकडा तोच. हिशेब असा, की एका हेक्टरवर दरवर्षी 10 टन गाळ शंभर वर्षं टाकला तर 1,000 टन होतो; दर किलोत 39 मिलिग्रॅम कॅडमियम असेल तर त्या हजार टनांत बरोबर 39 किलो. म्हणजे चांगल्या दर्जाचा गाळ शंभर वर्षं टाकला तरी जमीन मर्यादेत राहावी. अशा शेतांच्या धातूंच्या नोंदी पाच वर्षांनी फाडून टाकता येत नाहीत, त्या कायम जपायच्या.

जंतूंच्या बाबतीत गाळाचे दोन वर्ग केले, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’ वर्गात दर ग्रॅम कोरड्या गाळात विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू 1,000 पेक्षा कमी हवेत. तो पोत्यात भरून विकता येतो, घरच्या बागेत घालता येतो. ‘ब’ वर्गात सात नमुन्यांची सरासरी 20 लाखांच्या आत असली तरी चालते. हा फरक प्रचंड वाटेल, पण ‘ब’ वर्गाच्या गाळाला उरलेलं काम ऊन, वारा आणि काळ यांच्याकडून करून घ्यावं लागतं. म्हणून शेतावर बंधनं येतात. जनावरं 30 दिवस चरायला सोडायची नाहीत. मातीला टेकणारी फळभाजी असेल तर गाळ घातल्यावर 14 महिने काढणी नाही. गाजर, मुळा, बटाटा यांसारखी जमिनीखालची पिकं असतील तर गाळ मातीत कधी मिसळला ते बघायचं. चार महिने वर उघड्यावर राहिला असेल तर 20 महिने थांबायचं, त्याआधीच नांगरून आत घातला असेल तर 38 महिने. उन्हात जंतांची अंडी वाळून मरतात, मातीच्या गारव्यात ती फार काळ तग धरतात. ज्याने हा नियम लिहिला त्याला शेत ठाऊक होतं.

याशिवाय माश्या आणि उंदीर आकर्षित होऊ नयेत म्हणून गाळातला कुजणारा भाग 38 टक्क्यांनी कमी करायचा, किंवा चुना घालून त्याचा सामू दोन तास 12 वर आणि पुढचे 22 तास 11.5 वर राखायचा. नदी-ओढ्यापासून 10 मीटर अंतर. गोठलेल्या किंवा पाणी साचलेल्या शेतातून गाळ वाहून प्रवाहात जाणार असेल तर तिथे टाकायचा नाही. आणि पिकाला लागेल तेवढ्याच नत्राच्या हिशेबाने घालायचा, फुकट मिळतोय म्हणून वाटेल तितका नाही.

आता सहीबद्दल. वर्षाला 290 टनांपेक्षा कमी कोरडा गाळ जमिनीत घालणाऱ्या केंद्राने वर्षातून एकदा तपासणी करायची. 1,500 टनांपर्यंत दर तिमाहीला. 15,000 टनांपर्यंत दर 60 दिवसांनी. त्याहून जास्त असेल तर दर महिन्याला. मोठ्या केंद्रांनी दरवर्षी 19 फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे नियमाच्या वाढदिवशी, अहवाल पाठवायचा. आणि नोंदींबरोबर एका माणसाने लिहून द्यायचं की ही माहिती माझ्या देखरेखीखाली तयार झाली आहे, आणि ती खोटी निघाली तर दंड आणि तुरुंगवास होऊ शकतो हे मला माहीत आहे. गाळ एका हातातून दुसऱ्या हातात गेला की त्याची माहितीही सोबत गेली पाहिजे. तयार करणारा शेतात टाकणाऱ्याला लिहून देतो, टाकणारा जमीनमालकाला लिहून देतो. घाणीला बेवारस होऊ द्यायचं नाही, हा या सगळ्या कागदांचा अर्थ आहे.

पण या नियमाचं सगळ्यात मोठं काम शेतात झालंच नाही. ते नळीच्या दुसऱ्या टोकाला झालं. समजा एका शहराच्या गाळात कॅडमियम मर्यादेबाहेर निघालं. शुद्धीकरण केंद्राकडे ते काढून टाकायचा परवडणारा उपायच नाही. मग केंद्राचा अधिकारी काय करतो? तो गटाराच्या उलट्या दिशेने चालू लागतो. या झाकणात किती, त्या चौकातल्या झाकणात किती, कुठल्या फाट्यावर आकडा वाढतो, असं करत करत तो एखाद्या मुलाम्याच्या कारखान्याच्या दारात पोहोचतो. कारखान्यांनी गटारात पाणी सोडण्याआधी स्वतः शुद्ध करावं, असा नियम ईपीएने 1978 सालीच केला होता, आणि गाळ वापरता यावा हा त्याच्या लेखी उद्देशांपैकी एक होता. अमेरिकेतल्या गाळातले धातू सत्तरच्या दशकानंतर जे उतरत गेले, ते मुख्यतः या कारखान्यांच्या दारात उतरले. गाळ ही शहराची लघवीची तपासणी आहे म्हणा ना. रोग दुसरीकडे असतो, दिसतो इथे.

मात्र तपासणीत जे विचारलंच नाही ते दिसणार कसं? नियम नऊ धातू विचारतो, म्हणून नऊच धातूंचे आकडे लिहिले जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2002 साली या नियमाचा आढावा घेतला. नियमामुळे सार्वजनिक आरोग्याचं रक्षण झालं नाही असा नोंदवलेला शास्त्रीय पुरावा नाही, पण अनिश्चितता शिल्लक आहे आणि ती दूर करायला जास्त काम व्हायला हवं, असं तिने सांगितलं. त्या ‘पण’कडे पुरेसं लक्ष गेलं नाही. 2018 साली ईपीएच्याच महानिरीक्षकांनी अहवाल दिला: गाळात 352 असे पदार्थ आढळले आहेत की ज्यांची सुरक्षितता संस्थेला ठरवता आलेली नाही.

त्यात पीएफएएस या नावाखाली मोडणारी रसायनं होती. न चिकटणारी भांडी, पाणी न शोषणारं कापड आणि कागद, आग विझवण्याचा फेस यांत ती वापरली जातात. त्यांतला कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो की निसर्गात तो जवळपास तुटतच नाही. मेन राज्यात दुधात ही रसायनं सापडली आणि त्यांचा माग कित्येक वर्षांपूर्वी शेतात टाकलेल्या गाळापर्यंत पोहोचला. त्या शेतकऱ्यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. गाळ परवान्याचा होता, खत म्हणून शिफारस केलेला होता, आणि नियमाच्या नऊ धातूंच्या यादीत ही रसायनं नव्हतीच. तरीही दूध ओतून द्यावं लागलं, गायी गेल्या, पिढ्यांची जमीन हातात असून उपयोगाची राहिली नाही. मला या सगळ्या विषयात याहून जास्त अन्याय्य काही दिसत नाही. नियम पाळणाऱ्याला शिक्षा झाली आणि नियमाला जे विचारायचं सुचलं नाही ते बनवणारे नामानिराळे राहिले.

मेनने 2022 साली गाळ जमिनीत घालायला बंदी केली आणि बाधित शेतकऱ्यांसाठी 6 कोटी डॉलरचा निधी उभारला. पण बंदीने गाळ संपत नाही, हे न्यूयॉर्कचा समुद्र बंद झाला तेव्हाच कळलं होतं. मेनचा गाळ भरावभूमीकडे वळला. ओला गाळ जास्त झाला की कचऱ्याचा ढीग अस्थिर होतो. 2023 साली काही गाळ ट्रकने सीमेपलीकडे, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये पाठवायची वेळ आली.

मिशिगनने वेगळा मार्ग घेतला. तिथल्या लपीर या छोट्या शहराच्या गाळात 2017 साली पीएफएएसपैकी पीएफओएस हे रसायन फार मोठ्या प्रमाणात आढळलं. अधिकारी गटाराच्या उलट्या दिशेने गेले आणि सापडला पुन्हा मुलाम्याचाच कारखाना. क्रोमच्या टाकीतून विषारी वाफ उडू नये म्हणून तिथे हे रसायन वापरलं जात होतं. कारखान्याच्या दारात सक्रिय कोळशाची गाळणी बसवल्यावर शहराच्या पाण्यातलं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढे 2021 साली राज्याने ठरवलं की ज्या गाळात पीएफओएस अब्जात 150 भागांपेक्षा जास्त आहे तो कारखान्याने बाधित मानायचा, तो जमिनीत जाणार नाही आणि उगम शोधायचा; नंतर ही मर्यादा आणखी खाली आणली. मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. ईपीएने 2025 च्या जानेवारीत पीएफओएस आणि त्याच गटातलं पीएफओए या दोघांच्या धोक्याच्या मूल्यमापनाचा मसुदा काढला: अब्जात एक भाग इतकं प्रमाण असलेल्या गाळामुळेही, शेतावर राहणाऱ्या आणि तिथलंच खाणाऱ्या माणसाला काही परिस्थितींत धोका संभवतो. भाग 503 मध्ये मात्र धातू अजून तेच नऊ आहेत.

आपल्याकडे या कथेशी जोडलेला एक धागा मुंबईतून निघतो. भाग 503 ने ‘अ’ वर्गासाठी मान्य केलेल्या पद्धतींत कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांचा मारा आहे, एक मेगारॅडचा, म्हणजे 10 किलोग्रे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच तंत्रावर वडोदऱ्यात 1992 पासून काम केलं आणि 2019 साली अहमदाबादमध्ये रोज 100 टन कोरड्या गाळाचं केंद्र त्याच्या तंत्राने उभं राहिलं. किरणांनी गाळ जंतुमुक्त होतो, मग त्यात उपयुक्त जिवाणू मिसळून खत होतं. हे काम अभिमान वाटावा असं आहे. पण गॅमा किरणांनी कॅडमियमचा एक कणही कमी होत नाही.

धातूंसाठी आपल्याकडे खत नियंत्रण आदेशातले शहरी कंपोस्टचे निकष आहेत: दर किलोत कॅडमियम 5 मिलिग्रॅम, शिसं 100, पारा 0.15. अमेरिकेच्या आकड्यांपुढे हे कितीतरी कडक. मात्र हा आदेश खताच्या विक्रीसाठी आहे. केंद्राच्या मागच्या फाटकातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून शेतकऱ्याने फुकट नेलेल्या गाळाला पोतं नसतं, लेबल नसतं. कडक आकडा असणं आणि त्या आकड्याखाली कुणाची तरी सही असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाई आणि सिन्नरसारख्या गावांनी शौचालयांच्या टाक्या दर तीन वर्षांनी ठरलेल्या वेळी उपसायला सुरुवात केली, तेव्हा निदान कुठल्या घरातून किती मैला निघाला आणि कुठे रिकामा झाला याची नोंद सुरू झाली. लहान गावांत हे जमतं, तर मोठ्या शहरांनाही जमायला हवं.

तुमच्या शहरातल्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर कधी जायची वेळ आली, तर बाहेर पडणारं पाणी काचेच्या चंबूत भरून कौतुकाने दाखवतील. ते बघा, चांगलंच असतं. मग गाळ वाळवायच्या वाफ्यांकडे जा आणि विचारा: शेवटची ट्रॉली कुणी नेली, कुठल्या गटात पडली, तिथे काय पेरलंय, आणि या गाळातल्या कॅडमियमची शेवटची तपासणी कधी झाली. त्या शहरात मुलाम्याचे कारखाने असतील, भोसरीत आहेत तसे, तर आणखी एक विचारा: त्यांच्या गटारावरचं झाकण उघडून नमुना कोण घेतो.